लाईट कधीची आहे?

रब्बीच्या दिवसांत दूध डेअरीच्या रांगेत किंवा एसटी थांब्यावर दोन शेतकरी भेटले की पिकाच्या आणि बाजारभावाच्याही आधी एक प्रश्न येतो : या आठवड्यात लाईट कधीची आहे? दिवसाची असेल तर माणूस निश्चिंत होतो. रात्रीची असेल तर घरातल्या कुणाला तरी बॅटरी, काठी आणि घोंगडी काढून ठेवावी लागते. स्टार्टरचं बटण दाबलं की काम संपलं, असं पिकाला पाणी देताना होत नाही. मोटर चालू झाली की खरं काम सुरू होतं. एक वाफा भरला की त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. कुठे पाट फुटला तर धावत जाऊन माती टाकायची. दारं धरणारा माणूस सगळा वेळ गुडघाभर चिखलात असतो. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्री हे काम करायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

घोणस आणि मण्यार हे दोन्ही विषारी साप रात्रीचे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, सिन्नर, निफाड या भागांत बिबट्याने उसात कायमचं घर केलं आहे. भिजलेल्या हातांनी अंधारात स्टार्टरची पेटी उघडताना शॉक बसून किती जण गेले, त्याची एकत्र नोंद सहज कुठे सापडत नाही. कागदोपत्री यातला प्रत्येक मृत्यू वेगळा आहे. एक सर्पदंश, एक वन्यप्राण्याचा हल्ला, एक विजेचा अपघात. माझ्या मते या सगळ्यांच्या मागे एकच कारण आहे, आणि ते म्हणजे वीजपुरवठ्याचं वेळापत्रक.

हे वेळापत्रक कुणी दुष्टपणाने आखलेलं नाही. कोळशावरचं वीज केंद्र दिव्यासारखं विझवता आणि पेटवता येत नाही. चंद्रपूरचं 2,920 मेगावॅटचं केंद्र असो, कोराडी असो की भुसावळ, बॉयलर एकदा तापला की तो चालू ठेवण्यातच शहाणपण असतं. दिवसा कारखाने, कार्यालयं, दुकानं वीज ओढतात. संध्याकाळी घरोघरी दिवे आणि टीव्ही लागतात. मध्यरात्रीनंतर मागणी उतरते आणि केंद्रांची वीज शिल्लक राहते. ही शिल्लक वीज खपवायला सगळ्यात सोयीचा ग्राहक म्हणजे शेतीपंप. म्हणून गावाचा आणि शेतीचा फीडर वेगळा करायचा, शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीने द्यायची, एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्री आठ-दहा तास. यंत्रणेच्या दृष्टीने गणित चोख होतं. त्या गणितात दारं धरणाऱ्याच्या जिवाला रकाना नव्हता, आणि तो असावा असं दशकानुदशकं कुणाला वाटलं नाही, ही माझी तक्रार आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये कोल्हापुरात शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी महावितरणच्या कार्यालयासमोर ठाण मांडलं तेव्हा त्यांची मागणी एका ओळीची होती : शेतीला दिवसा दहा तास वीज द्या. दर कमी करा, बिल माफ करा या मागण्या आपल्याकडे जुन्या आहेत. वीज कोणत्या वेळी मिळावी, यासाठी शेतकऱ्यांनी रस्त्यावर बसावं लागणं ही गोष्ट मात्र धोरण आखणाऱ्यांनी नीट ऐकण्यासारखी होती.

हे इथवर कसं आलं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली, राज्याबरोबरच, जन्मलं. कोयनेचं पाणी पोफळीच्या बाजूला उतरू लागलं, गावोगाव खांब उभे राहिले, मोटेच्या जागी मोटर आली. 1972 च्या दुष्काळाने विहिरीचं आणि पंपाचं मोल घराघराला कळलं. हे सगळं राज्याच्या खऱ्या कर्तृत्वात मोडतं आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. चूक झाली ती नंतर. रानोमाळ विखुरलेल्या पंपांचे मीटर वाचायला माणसं पाठवणं महाग पडतं, म्हणून मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक दर लावण्याची पद्धत रुजली. तीन एचपीला इतके, पाच एचपीला इतके, वापर कितीही असो. शेतकऱ्यालाही ते सोपं, मंडळालाही सोपं.

त्या दिवसापासून शेतीला नक्की किती वीज लागते, हे या राज्यात कुणालाच ठाऊक नाही.

मोजमाप नसलेली जागा फार काळ रिकामी राहत नाही. तारांमधून वाया जाणारी वीज, आकडे टाकून चोरलेली वीज, संगनमताने बिलाबाहेर ठेवलेली वीज, या सगळ्याला एक नाव देण्याची सोय झाली : शेतीचा वापर. 1999 मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि 2000 साली मंडळाच्या दरवाढीवर पहिली जाहीर सुनावणी झाली. तोवर आपली गळती वीस टक्क्यांच्या आत असल्याचं मंडळ सांगत आलं होतं. पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटातल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांसारख्या अभ्यासकांनी आकड्यांना आकडे भिडवले आणि गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचं उघड झालं. बंद खोलीत ठरणारी गोष्ट सामान्य ग्राहकासमोर मांडावी लागली, की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

याच काळात राज्याचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प, म्हणजे एन्रॉन. 1992 ला सामंजस्य करार, 1993 ला वीज खरेदी करार, 1995 ला युती सरकारने केलेली करार रद्द करण्याची घोषणा, पुढच्या वर्षी सुधारित करार, 1999 ला 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू आणि 2001 ला सगळं ठप्प. दाभोळची वीज इतकी महाग पडली की मंडळाला ती घेणं परवडेना, आणि न घेतली तरी क्षमतेचे पैसे द्यावे लागत होते. माधव गोडबोले समितीने त्या साऱ्या प्रकाराची चिकित्सा केली. एन्रॉनवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे, त्यात मी भर घालत नाही. एवढंच नोंदवतो की पुढच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं, तेव्हा त्याची किंमत ज्यांनी मोजली ते या करारांच्या टेबलावर कुठेच नव्हते.

2003 च्या केंद्रीय वीज कायद्याने दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. कलम 55 सांगतं की दोन वर्षांच्या आत प्रत्येक ग्राहकाला मीटरमधूनच वीज द्यावी. कलम 65 सांगतं की राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण त्याचे पैसे वीज कंपनीला आगाऊ मोजावेत. दोन्ही कलमांमागे एकच साधा विचार आहे : देणं असेल ते उघडपणे द्या आणि मोजून द्या. 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आल्या. पाट्या बदलल्या. मीटर नसलेले लाखो पंप मात्र तसेच राहिले, आणि जिथे मीटर बसले तिथेही पुष्कळ ठिकाणी सरासरीची बिलं जात राहिली.

मोफत विजेची गोष्ट याच पायावर उभी आहे. 2004 च्या विधानसभा निवडणुकीआधी शेतीपंपांची वीज मोफत झाली आणि निवडणूक झाल्यावर पुढच्या वर्षी ती सवलत मागे घेतली गेली. वीस वर्षांनी, 2024 मध्ये, मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2029 पर्यंत वीज मोफत, लाभार्थी सुमारे 44 लाख, वर्षाचा भार 14,760 कोटी रुपये.

मी या योजनेच्या विरोधात नाही. कापसाला, सोयाबीनला, कांद्याला गेल्या काही वर्षांत जे भाव मिळाले ते पाहता शेतकऱ्याला कुठूनतरी आधार मिळणं न्याय्यच आहे. पण हिशेब करून पाहावा. त्या वेळी राज्यात सुमारे 47 लाख कृषिपंप होते आणि त्यांचा वार्षिक वापर सुमारे 3,900 कोटी युनिट धरला होता. भागाकार केला की एका पंपामागे आठ हजारांवर युनिट येतात. पाच एचपीची मोटर तासाला चारेक युनिट खाते. म्हणजे राज्यातला प्रत्येक पंप, सरासरीने, वर्षातले अडीचशेहून अधिक दिवस रोज पूर्ण आठ तास चालतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या ऊसवाल्याचं एक वेळ समजेल. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या ज्या विहिरी फेब्रुवारीत तळ दाखवतात, त्यांवरचे पंप अडीचशे दिवस कशातलं पाणी उपसतात? वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे ही गोष्ट कित्येक वर्षं सांगत आले. नियामक आयोगानेही कार्यगटाकडून अभ्यास करून घेतला आणि 2020 च्या दरनिश्चितीच्या आदेशात शेतीचा वापर कमी धरून गळती वाढवून दाखवली. तरीही आकडा पुन्हा फुगलेलाच दिसतो.

याचा अर्थ असा की शेतकऱ्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या अनुदानातला काही भाग शेतकऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. तो गळतीवर पांघरूण घालतो. आणि बदनामी कुणाची होते? शहरातला माणूस आपलं बिल पाहून म्हणतो, शेतकऱ्यांना फुकट देतात म्हणून आम्हाला महाग पडते. कारखानदार म्हणतो, क्रॉस सबसिडीने आमचं कंबरडं मोडलं. न वापरलेल्या विजेचा बोल शेतकऱ्याने ऐकून घ्यायचा, हा अन्याय मला बिलाच्या रकमेपेक्षा मोठा वाटतो.

थकबाकीचंही तसंच. 2020 च्या कृषिपंप धोरणात सरकारने सुमारे 45 हजार कोटींची थकबाकी तपासली आणि निर्लेखन, व्याज, विलंब आकार वजा केल्यावर ती तीस हजार कोटींच्या आसपास उतरली. एक तृतीयांश रक्कम लेखणीच्या फटक्यासरशी कमी होत असेल, तर ती मुळात किती खरी होती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

*

आता चांगल्या बातमीकडे येतो, कारण ती आहे आणि ती खरोखर मोठी आहे.

सूर्य दिवसा असतो आणि पिकाला पाणीही दिवसा द्यायचं असतं. इतकी सरळ गोष्ट धोरणात उतरायला 2017 साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून सुरुवात केली. गावाजवळ 33/11 केव्हीचं उपकेंद्र असतं. त्यातून 11 केव्हीचे फीडर निघतात आणि एकेका शेती फीडरवर शेकडो पंप असतात. उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत दोन ते दहा मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथली वीज थेट उपकेंद्रात सोडायची. शेतकऱ्याने काहीच बदलायचं नाही. तीच मोटर, तोच स्टार्टर, तीच डीपी. बदलते ती वेळ. सकाळी नऊच्या सुमारास लाईट येते, संध्याकाळी जाते. ढग आले तर ग्रीडमधून भरपाई होते. पिकाला पाणी नको असेल त्या दिवशी ती वीज गावात, पुढच्या कारखान्यात वापरली जाते. ‘प्रयास’च्या अभ्यासकांनी ही कल्पना आग्रहाने मांडली होती आणि सरकारने ती उचलली, याचं श्रेय दोघांनाही द्यायला हवं.

पहिली काही वर्षं रखडली. जमीन मिळेना, विकासक येईनात. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा अडलेल्या गाठी एकेक करून सोडवल्या गेल्या. खासगी जमिनीला एकरी वर्षाला पन्नास हजार रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने. प्रकल्पाच्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. वीज खरेदीचे दर तीन रुपयांच्या आसपास उतरले. शेतीला एक युनिट पोहोचवायला आठ रुपये लागतात असं सरकार स्वतःच सांगत आलं आहे. त्यात वाहून नेण्याचा आणि गळतीचा खर्चही असतो, तरी फरक कुणालाही दिसेल एवढा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते या टप्प्यातले पहिले पाच प्रकल्प, एकूण 19 मेगावॅटचे, सुरू झाले. त्यातला एक वैजापूर तालुक्यातल्या ढोंदलगावचा, तीन मेगावॅटचा. राज्याचं उद्दिष्ट 16 हजार मेगावॅटचं आहे. हे पूर्ण झालं तर रात्रीची पाळी इतिहासजमा होईल. माझ्या मते सहकारी चळवळीनंतर ग्रामीण महाराष्ट्राच्या रोजच्या जगण्यात इतका थेट फरक पाडणारी योजना क्वचित आली असेल.

म्हणूनच तिच्यातल्या तीन गोष्टींबद्दल स्पष्ट बोलावंसं वाटतं.

पहिली गोष्ट गायरानाची. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते आणि सरकारी जमीन म्हटली की तहसीलदाराला आधी गायरान आठवतं. सातबाऱ्यावर ते सरकारचं असतं. प्रत्यक्षात तिथे धनगरांची मेंढरं चरतात आणि मराठवाड्यात तर भूमिहीन दलित कुटुंबांनी कित्येक गायरानं पिढ्यान्‌पिढ्या कसली आहेत, त्यांच्या नावावर होण्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून लढे दिले आहेत. ज्यांच्याकडे विहीर नाही, मोटर नाही, त्यांच्या हातातली जमीन काढून ज्यांच्याकडे मोटर आहे त्यांना दिवसा वीज द्यायची, असं या योजनेचं रूप कुठेही होता कामा नये. खासगी पडीक जमीन भाड्याने घेणं थोडं महाग पडेल. पडू द्यावं. ते पैसे तरी त्याच गावातल्या शेतकऱ्याच्या घरात जातील.

दुसरी गोष्ट सुट्या सौरपंपांची. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के भरले की पॅनलसह पंप मिळतो. खांब पोहोचणं अवघड अशा मेळघाटातल्या, नंदुरबारच्या डोंगरातल्या शेताला हे वरदान आहे. पण कोटेशन भरून वर्षानुवर्षं जोडणीची वाट पाहणाऱ्या, म्हणजे महावितरणच्या भाषेत ‘पेड पेंडिंग’ असलेल्या, शेतकऱ्यालाही हाच रस्ता दाखवला जातो. तारेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शेतात सुटा पंप बसवला तर त्याची वीज पीक नसताना वाया जाते, आणि खोल बोअरला साडेसात एचपी पुरत नाही. वादळात पॅनल उडालं तर दुरुस्तीला माणूस कधी येईल, याची खात्री नसते. जिथे फीडर आहे तिथे फीडरच सौर करावा.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती सगळ्यात अवघड आहे. रात्रीच्या लाईटने माणसाचा जीव धोक्यात घातला, पण भारनियमनाने नकळत भूजलाचं थोडं रक्षणही केलं. दिवसा आठ तास, पूर्ण दाबाने, मोफत वीज मिळू लागल्यावर उपसा वाढणार हे उघड आहे. राज्यात पेरणीखालच्या जमिनीचा छोटासा हिस्सा ऊस व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा पितो. भूजलाचा कायदा आपण 2009 मध्ये केला. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध त्यात आहेत, आणि दुष्काळी तालुक्यांतल्या बोअरच्या गाड्या त्याहून कितीतरी खोल जातात. वीज आणि पाणी यांचं नातं किती घट्ट आहे, हे परळीने दाखवून दिलं होतं. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं आणि 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. ऊर्जा खातं वेगळं, जलसंपदा वेगळं, कृषी वेगळं. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र तिन्ही एकाच मोटरीत येऊन मिळतात. ज्या तालुक्यात भूजल धोक्याच्या पातळीखाली गेलं आहे, तिथे दिवसाच्या विजेबरोबर ठिबक सक्तीचं करणं आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडणं, एवढं तरी एकाच शासन निर्णयात यायला हवं होतं.

वीज यंत्रणेचं दिवस-रात्रीचं गणित आता उलटं होत आहे, हेही लक्षात घ्यावं. पूर्वी कारखान्यांना रात्री दहानंतर वापर केला की सवलत मिळायची. नियामक आयोगाने 2025 मध्ये ती सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांकडे वळवली. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. मध्यरात्रीची शिल्लक वीज वापरून कोकणातल्या खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी ते पुन्हा खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रचना. असे प्रकल्प पुढे भर दुपारी पाणी वर चढवतील. ज्या रात्रीच्या शिल्लक विजेसाठी शेतकऱ्याला इतकी वर्षं जागवलं, ती शिल्लक आता दुपारी तयार होत आहे. तांत्रिक कारण संपलं आहे. यापुढे एखाद्या फीडरला रात्रीची पाळी असेल तर ती केवळ कामाच्या दिरंगाईमुळे असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिवसाची वीज हा शेतकऱ्याचा हक्क म्हणून लिहून द्यावा आणि त्याबरोबर मोजमापही आणावं. प्रत्येक पंपावर मीटर बसवण्याचं राजकीय धाडस कुणात नसेल तर निदान प्रत्येक शेती फीडरचा दरमहा वापर, पुरवठ्याचे प्रत्यक्ष तास आणि त्यावरचे चालू पंप गावात फलकावर लावावेत. फीडरवर मीटर आधीच आहेत. त्यासाठी नवा पैसा लागत नाही. अनुदान मग खुशाल शंभर टक्के द्यावं, पण ते मोजलेल्या युनिटवर द्यावं. वाचलेल्या पैशातून राज्यातल्या दीड कोटी खातेदारांपैकी ज्या एक कोटीहून अधिक जणांकडे या योजनेचा पंपच नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी काही करता येईल. त्यांच्या वाट्याला या 14,760 कोटींतला एक रुपयाही येत नाही.

वाचकांपैकी ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांना एक विनंती. या दिवाळीत गावी गेल्यावर जवळच्या उपकेंद्रात जा आणि आपल्या फीडरवर गेल्या महिन्यात किती युनिट गेले, किती तास वीज होती आणि सौर प्रकल्पाचं काम कुठवर आलं, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. वीजदराच्या प्रस्तावावर नियामक आयोगासमोर जाहीर सुनावणी होते आणि तिथे कुणीही सामान्य ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही.